चाखणीचा तुकडा

पायरी चौथी : चाखणे

ही पायरी आधी सांगितली पाहिजे, कारण तुस्कानोंच्या घरातली सगळी भांडणं हिच्यावरूनच झाली.

वसईच्या किनाऱ्यालगत कोळंबवाडी आहे. तिथे लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात डुकराचं मटण शिजतं. मसाला, मीठ, शिरका लागून मटण मुरलं, की टोप चुलीवर चढवण्याआधी आचारी त्यातला एक लहानसा तुकडा उचलतो आणि तोंडात टाकतो. कच्चाच. डोळे मिटतो. मांडवातली माणसं गप्प होतात. मग तो म्हणतो, "चढवा." किंवा म्हणतो, "मीठ." यातलं काहीतरी एक ऐकल्याशिवाय चूल पेटत नाही.

तुकडा थुंकायचा नाही. थुंकला तर तो आचारी नव्हे.

इनास तुस्कानो हा वाडीचा आचारी. पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका लग्नात त्याने तुकडा तोंडात टाकला, "चढवा" म्हणाला आणि वाडी पोटभर जेवली. जेवणाऱ्यांना काहीच झालं नाही, कारण त्यांच्या पानात शिजलेलं होतं. इनासला मात्र लग्न उरकल्यावर ताप भरला. मान ताठ झाली. तो माणसं ओळखेना. शुद्धीवर आला तेव्हा बायको सेरा उशाशी बसून काहीतरी बोलत होती, आणि तिचे नुसते ओठ हलत होते.

डुकराच्या घशात एक जिवाणू राहतो, माळेतल्या मण्यांसारखा एकाला एक लागून. डुकराला तो बहुतेक वेळा काही करत नाही. माणसाच्या रक्तात शिरला तर मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो आणि तिथून कानात उतरतो. इनासच्या कानांतले शंख त्या तापात आतून हाडाने बुजले. त्यामुळे कानात बसवायची यंत्रंही त्याच्या उपयोगाची राहिली नाहीत.

सेरा म्हणाली, आजपासून कच्चा तुकडा तोंडात गेला तर मी तुमच्या घरात नाही. हे तिने पाटीवर लिहून दाखवलं होतं. त्या वेळी पाटीच होती, बोललेलं दाखवणारा चष्मा नंतर आला.

इनासने ऐकलं. स्वयंपाक मात्र सुटला नाही. मीठ अंदाजाने पडू लागलं, कधी थोडं वर, कधी थोडं खाली. वाडी बिचारी पंधरा वर्षं काही न बोलता जेवली.

पायरी दुसरी : राखण फवारणे

ही पायरी मूळच्या कृतीत नव्हती. ती मुलीने आणली.

फ्लाविया पालघरच्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. तिचं लग्न ठरलं त्या रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर तिने चहाच्या टेबलावर एक बाटली ठेवली. आत पाण्यासारखं पाणी.

"हे राखण," ती म्हणाली. "बाबा, माझ्या लग्नात तुम्ही चाखायचं."

बोललेलं इनासच्या चष्म्याच्या काचेवर अक्षरांत उमटायचं, बोलणाऱ्याच्या नावासकट. त्या सकाळी काचेवर जे उमटलं ते असं :

सेरा : नाही.

सेरा : नाही म्हणजे नाही.

फ्लाविया : आई, ऐकून तरी घे.

सेरा : मी ऐकतेच. या घरात ऐकणारी मी एकटीच उरलेय.

इथे इनासने चष्मा कपाळावर सरकवला. भांडण नको असलं की तो असंच करायचा. सेराने तो ओढून परत नाकावर आणला. नको असलेलं भांडण त्याला द्यायचं असलं की तीही असंच करायची.

फ्लावियाने समजावलं ते सोपं होतं. जिवाणूंना खाणारे विषाणू असतात. माणसाला ते ओळखतसुद्धा नाहीत. प्रत्येकाचं सावज ठरलेलं असतं, दुसऱ्या कशावर तो बसतच नाही. सावज सापडलं की त्याच्या अंगाला चिकटतो आणि आपलं बीज आत सोडतो. आत त्याच्यासारखे ढीगभर तयार होतात, जिवाणू फुटतो, बाहेर पडलेले पुढच्याला गाठतात. गाठायला कोणी उरलं नाही की विरून जातात. राखणमध्ये अशा अनेक जातींचा मेळ होता. एक त्या माळेवाल्या जिवाणूसाठी, दुसरे जुलाब लावणाऱ्यांसाठी, एक तर थंडीत फ्रीजमध्येही वाढणाऱ्यासाठी.

"आणि अळ्या?" इनासने विचारलं. धंद्याची गोष्ट निघाली की तो चष्मा नीट लावायचा.

"अळ्यांना राखण काही करत नाही. त्यासाठी मटण आधी कडक बर्फात ठेवायचं. बर्फात अळ्या मरतात, जिवाणू नुसते झोपतात. झोपलेल्यांना राखण गाठतं."

"हे विषाणू आणता कुठून?" सेराने विचारलं.

फ्लावियाने बाटली हातात फिरवली. "जिथे जिवाणू तिथेच त्यांचे वैरी. आपल्या भागाचं राखण दुमिंगकाकांच्या डुकरांच्या गोठ्यामागच्या गटारातून काढलंय."

"लग्नाच्या मटणावर दुमिंगचं गटार?"

"गाळून, आई. इतकं गाळून की फक्त तेच उरतात. आणि ते ताजं ठेवावं लागतं. जिवाणू बदलतात, म्हणून यांनाही पुन्हा पुन्हा नव्या जिवाणूंवर वाढवावं लागतं. विरजण कसं, घरोघरचं वेगळं. पुण्याचं राखण वसईत चालत नाही."

सेराने बाटली उचलून उजेडात धरली. "दुमिंगला कळलं तर तो गटाराचं तिकीट लावेल."

इनास हसला. मग हसणं थांबवून तो बायकोकडे पाहत राहिला, काही न मागता. हे मागण्यापेक्षा वाईट होतं.

शहरात तोवर सगळं बदललं होतं. राखणच्या जोरावर वांद्र्याला, पार्ल्याला कच्च्या डुकराची हॉटेलं निघाली होती. पातळ कापलेले गुलाबी काप, वर लिंबू, खाली बर्फ. सेराचा पुतण्या डेंझिल दर शनिवारी खायचा आणि त्याचे फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवायचा. तो अजून जिवंत होता, कानही शाबूत होते. सेराने हे मनात टिपून ठेवलं होतं, उघड कबूल केलं नव्हतं.

"माझी एक अट," ती शेवटी म्हणाली. "तुझी ती तपासणीची पट्टी मी स्वतः बघणार. एक ठिपका जरी चमकला, तर तो तुकडा कुत्र्यालासुद्धा नाही."

पायरी पहिली : मटण शिरक्याने धुणे

पाण्याने नाही. पाण्याचा थेंबही नाही.

हा इनासच्या आईचा नियम. ताडी आंबवून केलेला शिरका, तोही घरचा, त्यात मटण खळखळून धुवायचं. पाणी लागलेलं डुकराचं मटण रडतं, असं ती म्हणायची, आणि रडणारं मटण लग्नात नको. वाडीत सगळ्यांकडे हेच. इथे मटण धुतलं म्हणजे ते शिरक्यानेच धुतलं. कोणी वेगळं विचारतही नाही.

जानेवारीतली दुपार. मांडवात केळीचे खांब उभे राहिले होते, बँडवाले येऊन चहा पीत होते. इनासने बाह्या वर केल्या, मोठ्या परातीत शिरका ओतला आणि कडक बर्फातून काढून सैल झालेलं मटण धुवायला घेतलं. आणि शीळ घालू लागला.

तो आठवडाभर शीळ घालत होता. स्वतःला ऐकू न येणारी शीळ. सूर एका गल्लीत आणि ती दुसऱ्या गल्लीत. बहिरा झाल्यापासून त्याने शीळ घातली नव्हती, हे सेराला ती परत सुरू झाल्यावर कळलं.

फ्लाविया हळदीचे हात सांभाळत आली. तिने राखण फवाऱ्यात भरलं आणि धुतलेल्या मटणावर सगळीकडून, वरखाली करून फवारलं. मग ठरलेला वेळ थांबायचं होतं.

"आता यावर लिंबू पिळलं की झालं," डेंझिल म्हणाला. तो दोन मित्रांना घेऊन आला होता. "काका, एक प्लेट बाजूला काढा ना. कच्चीच."

इनासने काचेवरचं वाचलं आणि डाव दाखवला. लाकडाचा, हातभर लांब. डेंझिल दोन पावलं मागे गेला.

पायरी दुसरी, उजळलेली

तपासणीची पट्टी म्हणजे बोटाएवढा कागद. त्यातही विषाणूच होते, पण समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवांचा गुण दिलेले. पट्टीवर जिवंत जिवाणू आला, की ते त्याच्यात शिरतात आणि तो हिरवट उजळतो. वसईच्या समुद्रात कधीकधी लाट फुटताना उजळते, तसा. उजेड फारच मंद, म्हणून पट्टी अंधारात बघायची.

मांडवात भर दुपारी अंधार कुठून आणायचा? फ्लावियाने काळी चादर आणली होती. ती डोक्यावरून घेऊन मायलेकी खुर्च्यांवर बसल्या. बँडवाल्यांपैकी एकाने विचारलं, "फोटो काढताय का भूत उतरवताय?"

चादरीत हळदीचा आणि शिरक्याचा वास भरला. फ्लावियाच्या तळहातावर पट्टी होती.

पट्टी उजळली.

एक ठिपका नव्हे. काठापासून काठापर्यंत.

"असं कसं?" फ्लाविया पुटपुटली. "प्रयोगशाळेत एकदाही असं झालं नाही."

तिने दुसरी पट्टी लावली. तीही उजळली. हिरव्या उजेडात सेराला मुलीची हनुवटी थरथरताना दिसली. लहानपणी ती पडायची तेव्हा रडण्याआधी अशीच थरथरायची.

चादरीबाहेर आल्यावर कोणी काही सांगायची गरज नव्हती. इनासने दोघींची तोंडं बघितली आणि मसाल्याच्या भांड्याकडे नेलेला हात मागे घेतला. हात पुसले.

"बाटली खराब निघाली असेल," डेंझिल म्हणाला.

"बाटली मी आज सकाळी तपासलीय." फ्लाविया परातीशी वाकली. बोट बुडवलं, नाकाशी नेलं आणि ती तशीच वाकलेली राहिली. "आई, हे शिरक्याने धुतलंय."

"मग कशाने धुणार?"

"शिरक्याने धुतलंय," ती पुन्हा म्हणाली आणि खाली बसली. "राखणचे विषाणू आंबटात जगत नाहीत. तिखटमिठाला घाबरत नाहीत, शिरक्यात मात्र मरतात. परातीत पडल्या पडल्या मेले सगळे. आणि जिवाणू चरबीच्या घड्यांत बसलेत, तिथे शिरका पोचतच नाही."

"मग तुमच्या त्या सूचनांच्या कागदावर हे लिहिलं का नाही?" सेराने विचारलं.

"धुण्याचं लिहिलंय. मीच लिहिलंय. मटण स्वच्छ धुऊन घ्यावे." तिने कपाळाला हात लावला, हळद कपाळालाही लागली. "तिकडे सगळे पाण्याने धुतात, म्हणून तिथे कधी बिघडलं नाही. मी लिहिताना माझ्या नाकात आपल्या घरचा वास होता. मला सुचलंच नाही की याला दोन अर्थ... की कोणी पाण्यानेही धुतं."

दोन पहारेकरी दारात उभे केले आणि पहिल्याने दुसऱ्याला मारून टाकलं. चोर आत मजेत.

पायरी शून्य

उपाय होता आणि सोपा होता. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने मटण दोनदा धुवायचं, शिरक्याचा आंबटपणा काढायचा, राखण पुन्हा फवारायचं, थांबायचं. शिरका त्यानंतर, मसाल्याबरोबर.

इनासने हे काचेवर वाचलं.

"पाणी नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, त्याला ते कळत नसे.

"एकच तुकडा वेगळा धुवा ना, काका," डेंझिल म्हणाला. "तेवढाच चाखा."

"वेगळ्या काढलेल्या तुकड्याला वेगळ्या काढलेल्या तुकड्याची चव असते. मला टोपाची चव पाहिजे."

"बाबा, पाण्याने काही होत नाही. उद्या दुपारपर्यंत संपणारे हे मटण."

"माझ्या आईने तिच्या हयातीत पाणी लावलं नाही. मी तिच्या नातीच्या लग्नात लावू?" मग हळू म्हणाला, "राहू दे. अंदाजाने करतो. इतकी वर्षं केलंच." आणि चष्मा कपाळावर सरकवला.

आणि सेराला कळलं, आपण जिंकलो.

तिला काहीही करायचं नव्हतं. गप्प बसलं की पुरे. तुकडा परातीत होता, नवरा चुलीशी लाकडं लावत होता, त्याचा जीव सुरक्षित होता. पंधरा वर्षं तिने जे धरून ठेवलं होतं ते आज त्याच्या आईने तिच्यासाठी धरून ठेवलं होतं. सासू जिवंत असताना एकदाही तिच्या बाजूने बोलली नव्हती.

मांडवात बरेच आवाज होते. बँडवाला क्लॅरिनेट पुसत होता, बायका लसूण सोलत होत्या. सेरा एकच आवाज शोधत होती, तो नव्हता. इनास लाकडं लावत होता आणि शीळ घालत नव्हता.

ती उठली. विहिरीवरची बादली भरून आणली. परतताना पाणी पायांवर सांडलं, गार.

तिने नवऱ्याचा चष्मा कपाळावरून ओढून नाकावर बसवला.

"तुमच्या आईला मी सांगेन," ती म्हणाली. "वर गेल्यावर तिची पहिली गाठ माझ्याशीच पडणारे. म्हणेन, मी ओतलं. तुमचा मुलगा अडवत होता."

"मी अडवतोय," इनास म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

आणि तिने बादली ओतली.

मटण रडलं नाही. पाणी गुलाबी झालं, इतकंच. लसूण सोलणारी एक म्हातारी छातीवर क्रूस काढून मोकळी झाली. फ्लावियाने सोडा घातला. धुऊन झाल्यावर तिने बाटलीत उरलेलं सगळं राखण फवारलं, घड्या उलगडून, चरबीच्या खाली, हाडाच्या कडेला. मग सगळे बसून राहिले. नुसतं बसायची वेळ आली की वाडीतली माणसं गाणी म्हणतात, तशी म्हटली. इनास तालावर मान हलवत होता, बघून बघून.

सेरा पट्टी घेऊन एकटीच चादरीत शिरली.

काळोख. तिने डोळे सरावू दिले. काळोख. तिने पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग बाहेर येऊन तिने हाडाजवळच्या सगळ्यात खोल घडीतून दुसरी पट्टी घासून घेतली, परत आत गेली. फ्लाविया "आई, झालं ना?" म्हणाली तरी तिसरी घेतली. तिन्ही पट्ट्या काळ्या.

चादरीत ती जरा जास्तच वेळ थांबली. बाहेर यायच्या आधी पदराने तोंड पुसून घेतलं.

पायरी चौथी, पुन्हा

मसाला लागला. मीठ लागलं. शिरका आता, सगळ्यात शेवटी. मटण मुरलं.

इनासने तुकडा उचलला. चष्मा काढून खिशात ठेवला, कपाळावर नाही. डोळे मिटले.

मांडव गप्प झाला. बँडवाल्याने पेला खाली ठेवला तो आवाज न करता. इनासचा जबडा हळूहळू हलत होता. आधी खारट, मग आंबट, मग मागून मिरची, आणि सगळ्यांच्या खाली मटणाची ती थंड, गोडसर, मऊ चव, जी आगीत गेल्यावर पुन्हा कोणालाच भेटत नाही. हे त्याने नंतर सांगितलं. त्या वेळी तो नुसता उभा होता.

"काय?" डेंझिलने विचारलं.

"अहो, काय?" लसूणवाली म्हातारी.

"बाबा?"

इनासला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याने सगळ्यांना तसंच ताटकळत ठेवलं, मनसोक्त. बहिरेपणाचा एवढा उपयोग त्याला आजवर झाला नव्हता.

मग डोळे न उघडता म्हणाला, "मीठ."

मांडवातून टाळ्या पडल्या. त्याने चष्मा लावला, आणखी एक तुकडा चिमटीत उचलला आणि सेरासमोर धरला.

"मी?" ती मागे सरकली. "माझे दोन्ही कान चांगलेत अजून."

इनासचा हात तसाच. सेराने फ्लावियाकडे पाहिलं, मग काळ्या पट्ट्यांकडे, ज्या तिने स्वतःच ओळीने मांडून ठेवल्या होत्या. इतकी वर्षं आचाऱ्याच्या घरात काढून तिला या चवीचं फक्त वर्णन माहीत होतं. तिने तोंड उघडलं.

चावलं. गिळलं. थुंकलं नाही.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली.

"कमी आहे."

"बरोबर आहे म्हणते ना."

"आज पहिल्यांदा चाखलंस आणि मला शिकवतेस?"

"पंधरा वर्षं तुमचं मीठ खाल्लंय, मी नाही तर कोण शिकवणार?"

"म्हणजे मीठ बिघडायचं?" इनासने विचारलं. बँडवाले अचानक वाद्यं पुसू लागले. इनासने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि हसत सुटला, बराच वेळ, मोठ्याने.

डेंझिल प्लेट घेऊन पुढे आला. "काका, आता तरी. सगळ्या पट्ट्या काळ्या आहेत."

इनासने त्याची प्लेट उपडी करून बाजूला ठेवली. "चाखणं आचाऱ्याचं. खाणं आगीनंतर. तुझ्या शहरात काय खायचं ते खा, माझ्या टोपातून कच्चं कोणाच्या पानात जाणार नाही."

"पण काकूने आत्ताच—"

"ती पाणी ओतणारी आहे," इनास म्हणाला. "तिला मान आहे."

त्याने मिठाच्या भांड्यात हात घातला आणि मूठ भरली. टोपावर नेली. सेराने त्याचं मनगट धरून हलवलं, अर्धं मीठ जमिनीवर पडलं. उरलेलं अर्धं टोपात गेलं.

दुसऱ्या दिवशी वाडीने पानं पुसून खाल्ली. कोणी म्हणालं, अगदी इनासच्या जुन्या हाताचं मीठ. तो म्हणतो त्याचं. ती म्हणते तिचं.

पायरी पाचवी : आग

"चढवा," इनास म्हणाला.

टोप चढला, लाकडं धरली. तो चुलीसमोर उकिडवा बसून डाव फिरवू लागला आणि शीळ घालू लागला, बेसूर, कान किटतील अशी. क्लॅरिनेटवाला त्याला काहीतरी सांगायला निघाला होता. सेराने त्याला बाही धरून खाली बसवलं.